सहकारनगरचा 'मॅडमचा क्लास': साठीनंतर गाडी शिकलेल्या एका बाईचा अभिप्राय

पुण्यात तक्रार लिहायला कारण लागत नाही, कौतुकाला मात्र पुरावा मागतात. तेव्हा पुराव्यानिशी लिहिते. थोडं लांबेल.

क्लास सहकारनगरमध्ये आहे, अरण्येश्वराकडून तळजईच्या चढाला लागण्याच्या आधी. एक गाळा, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, बाहेर दोन गाड्या. मालकीण आणि शिकवणाऱ्या एकच. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. 'मॅडमचा क्लास' एवढं म्हटलं की रिक्षावालाही बरोबर आणून सोडतो, त्यामुळे बोर्डावरचं नाव लिहीत बसत नाही. फी साडेसहा हजार, लायसन्सचं सरकारी शुल्क वेगळं. गाडी गिअरची. ऑटोमॅटिक त्या शिकवत नाहीत. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "डावा पाय रिकामा ठेवायचे मी पैसे घेत नाही."

माझ्याविषयी इतकंच, की मी मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि वय बासष्ट. आमच्या ह्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं आणि आमची वॅगन-आर पार्किंगमध्ये मांजरांची झाली. मुलगी बंगळूरूहून सांगायची, कॅब बोलवत जा. कॅब बोलावली की चालक आधी फोन करून कुठे जायचंय ते विचारतो आणि दवाखान्याचं जवळचं अंतर ऐकलं की फेरी रद्द करतो. म्हटलं, आपणच शिकावं.

त्याआधी मी दुसऱ्या एका क्लासला जाऊन आले होते. नाव घेत नाही. तिथल्या शिकवणाऱ्याचं पहिलंच वाक्य होतं, "काकू, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा, बाकी मी बघतो." आणि त्याने खरंच बाकीचं सगळं बघितलं. त्याच्या बाजूच्या क्लचवर त्याचा पाय, ब्रेकवर त्याचाच पाय, आणि स्टिअरिंगलाही खालून दोन बोटं लावलेली. दुसऱ्या हातात फोन. गाडी एकदाही बंद पडली नाही. मला वाटलं, अरे, आपल्याला येतंय की! मग एका रविवारी आमच्या पार्किंगमध्ये आमचीच गाडी काढायला गेले तर तिने असा झटका मारला की ह्यांनी देवाचं नाव घेतलं. तो मुलगा वाईट नव्हता, उद्धट तर मुळीच नव्हता. त्याने फक्त नाव नोंदवतानाच ठरवून टाकलं होतं, की या वयाच्या बायका लायसन्सपुरत्या येतात, चालवणार कोण आहे? आणि त्या ठरवण्यात तो अगदी प्रेमाने वागत होता. त्या क्लासच्या भिंतीवर एक पाटी होती: 'गाडी बंद पडल्यास चर्चा करू नये.' पुण्याला साजेशीच पाटी. पण ज्या गाडीत सगळं शिकवणाराच करतो, तिथे गाडी बंद पडण्याइतकंही माझ्या हातात नव्हतं.

मॅडमच्या गाळ्यावरची पाटी वेगळी आहे. 'आत या. पंखा लावा. वहीत वेळ लिहून बसा, मी येतेच आहे.' दार उघडं, टेबलावर वही आणि दोऱ्याने न बांधलेलं पेन. दोऱ्याने न बांधलेलं पेन पुण्यात सरकारी कचेरीत सोडा, बँकेतही दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. फी हप्त्याने द्यायची असेल तर कोणी किती दिली तेही ज्याचं त्याने त्या वहीत लिहायचं. मी शिक्षिका, त्यामुळे विचारलंच, की कोणी फसवलं नाही का? "एक जण गेला तो गेला," त्या म्हणाल्या, "त्याच्यासाठी बाकीच्यांना रोज पावत्या दाखवायला लावू का?"

नाव नोंदवताना मी 'निवृत्त शिक्षिका' लिहिलं, तेव्हापासून त्या मला बाई म्हणतात. कागदपत्रांचं काम त्यांनी दहा मिनिटांत समजावून सांगितलं. चाळिशीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरांकडून नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, भरून आणावं लागतं. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. एजंटचा विषय निघाला तसा संपला. "टेस्ट तुम्ही देणार आहात, मग मध्ये तिसरा कशाला?"

पहिल्या दिवशी सकाळी तळजईच्या चढाखाली त्यांनी मला सरळ चालकाच्या सीटवर बसवलं. गाडी जुनी अल्टो. शेजारच्या सीटपुढे जादा क्लच आणि ब्रेक, क्लासच्या गाडीला ते कायद्याने असावेच लागतात. मॅडमनी चपला काढल्या, पाय मागे ओढून सीटखाली घेतले आणि म्हणाल्या, "बाई, माझे पाय कुठे आहेत ते बघून घ्या. गाडी आता तुमची. कधी मला पेडल दाबावं लागलंच तर मी मोठ्याने सांगणार. गुपचूप दाबणार नाही."

या क्लासबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. त्यांनी ब्रेक दाबला की त्या म्हणतात, "हा माझा होता." एवढंच. आवाज चढवत नाहीत, पुढे व्याख्यान नाही. सुरुवातीला ते वाक्य फार ऐकू यायचं. पण त्यामुळे जे ऐकू आलं नाही ते सगळं माझं होतं, हे मला त्याच क्षणी कळायचं. वर्गात एखाद्या मुलाने उत्तर स्वतः काढलंय की शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवलंय हे मास्तरांना कळलं नाही, तर पुढचा धडा शिकवता येत नाही. आणि त्या मुलालाही ते नीट आठवत नसेल, तर मग आनंदच. आधीच्या क्लासात माझं नेमकं हेच झालं होतं. कुठलं वळण मी घेतलं आणि कुठलं त्याने, हे मला आजही सांगता येणार नाही.

नियमाप्रमाणे मोटारीच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास लागतात. हे दहा तास पुष्कळ ठिकाणी कागदावर भरतात. मॅडमचा हिशेब असा, की ज्या फेरीत त्यांचा पाय लागला ती फेरी दहा तासांत धरायची नाही. म्हणजे त्या स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून जादा फिरवतात. आर्थिकदृष्ट्या हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मी त्यांना आकडेमोड करून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही लवकर शिका ना, बाई."

गोड बोलणं मात्र त्यांच्याकडे नाही. हे ठळक लिहायला हवं, कारण 'विश्वास टाकणाऱ्या शिक्षिका' म्हटलं की वा वा, छान छान करणारी बाई डोळ्यांसमोर येते. मॅडम छान म्हणतच नाहीत. फेरी संपली की त्या बोटांवर मोजतात: "अरण्येश्वराच्या वळणाला आरसा बघितला नाहीत. सातारा रोडला लागताना इंडिकेटर दिलात, पण लेन आधीच बदलली होती. चढावर हाफ क्लच बरोबर धरलात." तीन वाक्यं, तिन्ही खरी. गाडी बंद पडली तर त्या गप्प. मागून हॉर्नचा गजर चालू, कोणीतरी बाजूने जाताना मान वळवून बघतोय, तरी गप्प. न्यूट्रल, चावी, क्लच, पहिला गिअर, हे माझं मला आठवेपर्यंत त्या समोरच्या दुकानाची पाटी वाचत बसतात. पहिल्यांदा मला त्यांचा राग आला होता. नंतर लक्षात आलं, की मागच्या गाड्यांचे हॉर्न त्यांनाही ऐकू येतच होते. ते सोसून त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

माझं बी.एड. झालं तेव्हा मानसशास्त्राच्या पेपरला एक प्रयोग असायचा. रोझेन्थल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांचा, १९६८. सॅन फ्रान्सिस्कोजवळची एक प्राथमिक शाळा. शिक्षकांना सांगितलं, की चाचणीवरून दिसतंय, ही ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. प्रत्यक्षात ती नावं चाचणीतून नव्हे, चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडलेली होती, साधारण पाचातलं एक मूल. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिमत्तेच्या चाचणीतली प्रगती इतरांपेक्षा जास्त निघाली. वरच्या इयत्तांत तसं विशेष काही झालं नाही, आणि पुढे या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली. तज्ज्ञांचं आज साधारण म्हणणं असं, की परिणाम होतो, पण गाजावाजा झाला तेवढा मोठा नाही. मला त्याच्या आधीचा उंदरांचा प्रयोग जास्त आवडायचा. रोझेन्थल आणि फोड यांचा, १९६३ सालचा. काही विद्यार्थ्यांना सांगितलं, तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार आहेत. दुसऱ्यांना सांगितलं, तुमचे ढ. उंदीर सगळे सारखेच होते. 'हुशार' उंदीर खरोखर चांगले धावले, आणि ज्यांच्या हातात ते होते त्यांनी आपण त्यांना जास्त वेळा आणि जास्त हळुवार हाताळल्याचं सांगितलं.

पेपरात हे लिहून मार्क मिळवणं वेगळं आणि बासष्टाव्या वर्षी त्याच उंदराच्या जागी बसणं वेगळं. आधीच्या क्लासात मी ढ उंदीर होते, मॅडमकडे हुशार. उंदीर तोच! रोझेन्थलनी पुढे मांडलं होतं, की ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला शिक्षक जास्त कठीण काम देतात, उत्तराला जास्त वेळ देतात आणि चूक जास्त नेमकी सांगतात. वातावरणही अर्थात प्रसन्न असतं, पण नुसत्या प्रसन्नतेवर गाडी चढावर उभी राहत नाही. मॅडमनी यातलं काही वाचलेलं नाही. क्लास काढण्याआधी त्या शाळेची व्हॅन चालवायच्या.

आता वहीबद्दल. प्रत्येकाची एक शंभर पानी वही असते आणि गाडीत बसायच्या आधी त्या वहीत एक ओळ लिहायची: आज काय करणार. मी पहिल्या दिवशी लिहिलं, 'गाडी बंद पडू देणार नाही.' मॅडमनी ती ओळ खोडली. "न होण्याचं काय लिहिताय? काय होणार ते लिहा." मग मी लिहिलं, 'चढावर गाडी उभी करून पुन्हा काढणार.' दुसऱ्या आठवड्यात मी अंग चोरून 'लक्ष्मीनगरपर्यंत जाऊन येणार' असं काहीतरी लिहिलं, तर त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला येतं. येतं ते कशाला लिहिलंत?" आणि पेन माझ्याच हातात ठेवून बसल्या. शेवटी मी 'सारसबाग, स्वारगेट, मार्केट यार्ड, परत' असं लिहिलं आणि लिहिताना माझा हात कापत होता, हे सांगायला मला काही वाटत नाही. दुसऱ्याने आपल्याबद्दल मोठं काही धरून चालणं तुलनेने सोपं असतं, आपण 'अहो, कसलं काय' म्हणून ते परतवून लावतो. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं परतवता येत नाही.

पण या क्लासचा खरा दागिना म्हणजे रस्त्यावरच्या इतर माणसांबद्दल त्या जे शिकवतात ते. समोरून उलट्या दिशेने स्कूटरवाला आला की पुणेकराच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्याही तोंडून निघायचा, निवृत्त शिक्षिका असूनही. मॅडम म्हणायच्या, "बाई, तो कुठे निघालाय ते बघा. कसा आहे ते नंतर ठरवू." ऐकायला साधं आहे, पण करून बघा. तो कसा आहे हे ठरवण्यात डोकं गुंतलं की तो कुठे निघालाय ते दिसतच नाही, आणि धडक होते ती हे न दिसल्यामुळे.

दांडेकर पुलाच्या चौकात मला लेन बदलून उजवीकडे जायचं होतं आणि बाजूला पीएमपीची बस. मी आपली गाडीचं नाक हळूहळू घुसवायला लागले, जसं इथे सगळे करतात. "घुसू नका, मागा," मॅडम म्हणाल्या. इंडिकेटर चालू, काच खाली, हात बाहेर, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि थांबायचं. बसच्या ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे, एकदा एल बोर्डाकडे बघितलं आणि मान हलवून बस उभी केली. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला तरी तो हलला नाही. पीएमपीच्या ड्रायव्हरबद्दल या शहरात चांगलं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आता मी स्वतःच एक झाले. डोळ्यांत बघण्याच्या या पद्धतीची आणखी एक सोय पुण्यातच आहे: स्कार्फ गुंडाळलेल्या मुलींचं डोळ्यांशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

मार्केट यार्डाच्या बाजूला पाण्याच्या टँकरकडे मी अशीच जागा मागितली. तो थांबला नाही. गाडी करकचून थांबली. "हा माझा होता," मॅडम म्हणाल्या. आणि श्वासही न घेता, "पुढचा थांबेल."

इथे कोणी म्हणेल, की हे धोक्याचं आहे. गाडी चालवताना समोरचा चूक करणार असंच धरून चालावं, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. मीही हे त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर: "भरवसा माणसावर ठेवायचा, पाय ब्रेकवर. दोन्ही एका वेळी जमतं." त्यांच्या मते समोरच्याला नालायक धरून चालणारे लोक सावध नसतात, चिडलेले असतात, आणि चिडलेला माणूस अंतर कमी करतो. शाळेच्या व्हॅनवर त्या शिकलेली एक गोष्ट प्रत्येकाला सांगतात, की रस्त्यात चेंडू आला की त्याच्या मागून पोर येणारच, तिथे भरवसाबिरवसा काही नाही, गाडी जागच्या जागी उभी. पोराकडून कसलीच अपेक्षा करायची नसते. मोठ्या माणसाकडून करायची, आणि ती त्याला दिसेल अशी करायची.

पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायला त्या लावतात. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी गेली की 'एकशे एक, एकशे दोन' म्हणायचं, त्याआधी आपण खांबापाशी पोचता कामा नये. ताशी ४० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते, म्हणजे अंतर झालं २२ मीटर. पुण्यात २२ मीटर मोकळे सोडले की त्यात दोन स्कूटर आणि एक रिक्षा शिरतेच. शिरली की पुन्हा अंतर सोडायचं. मला हे भारी लागायचं, आपणच काय सगळ्यांना वाट देत बसायचं? मग घरी बसून हिशेब केला. मध्ये शिरणारा प्रत्येक जण आपले फार तर दोन सेकंद खातो. स्वारगेटपर्यंत दहा जण शिरले तर वीस सेकंद. वीस सेकंदांसाठी माणूस सबंध रस्ताभर दात-ओठ खात जातो! हा हिशेब मी मॅडमना कागदावर मांडून दिला. दुसऱ्या दिवशी तो टेबलामागच्या भिंतीवर लावलेला होता, माझ्या अक्षरात, खाली 'बाई' असं लिहून. आता नवीन मुलं तो वाचतात म्हणे.

आमचे हे. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस शेजारच्या सीटवर बसला की काय होतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. ह्यांचा उजवा पाय चटईवर ब्रेक शोधायचा आणि तोंडाने 'स्स्' असा आवाज. मॅडमनी एके दिवशी त्यांना क्लासच्या गाडीत मागे बसवलं. म्हटलं, आता त्यांना गप्प बसायला सांगणार. तर म्हणाल्या, "काका, तुम्हाला पेठांतले वन-वे पाठ असतील ना? बाईंना दोन चौक आधी सांगत जा, ऐनवेळी नको." बस. पाय चटईवरून उठला. आता हे इतके आधी सांगतात, की मी नदीच्या पलीकडे असताना कुमठेकर रस्त्याची सूचना येते. त्यांना दिसतं कमी, पण रस्ते सगळे डोक्यात आहेत, आणि ते कामाला येतात हे मॅडमच्या आधी आमच्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

टेस्ट पुणे-नाशिक रस्त्यावर आयडीटीआर या वाहनचालन प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर झाली. आठचा आकडा, इंग्रजी एचच्या आकारात रिव्हर्स, चढावर थांबून पुन्हा निघणं. नंबर यायला वेळ लागतो, त्या वेळात आमच्या गप्पा झाल्या. माझं माहेर आटपाडीकडचं. तिथे जवळच स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाच्या काळात सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे आलेला मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश अभियंता, यांनी गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतींशिवाय शेती करत राहू देण्याचा तो प्रयोग केला. व्ही. शांतारामांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कल्पना त्यावरूनच आली. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही सीटखाली पाय घेता ना, ते मला स्वतंत्रपूरसारखं वाटतं. त्यांनी विचारलं, "पण तिथे जेलर होता ना?" मी म्हटलं, होता. "मग माझा पायही आहे," त्या म्हणाल्या. "लपवलेला नाही, इतकंच."

टेस्ट पास झाले. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही, ज्यांनी तळजईचा चढ रोज चढला आहे त्यांना ट्रॅकवरचा चढ सपाटच वाटतो.

आता उणिवा, नाहीतर हा अभिप्राय पुणेकराने लिहिला आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मॅडम फोन उचलत नाहीत. शिकवताना उचलत नाहीत हे बरोबरच आहे, पण नंतरही उलटा फोन करत नाहीत. सकाळची पहिली बॅच वेळेवर निघते, त्यानंतरच्या सगळ्या घसरत जातात आणि आठची बॅच साडेआठला निघाली तर नशीब समजा. अल्टोचा एसी मृत आहे, एप्रिल-मेमध्ये त्रास होतो. घरी न्यायला-आणायला त्या येत नाहीत. दुसरी गाडी त्यांचा मदतनीस मुलगा चालवतो. तो चांगला आहे, पण त्याला गप्प बसणं जमत नाही. गाडी बंद पडली की चटकन हात पुढे करतो. मॅडमच्या गाडीचाच आग्रह धरा.

आणि एक मोठी उणीव. आमच्या सोसायटीतली एक मुलगी माझ्या सांगण्यावरून तिथे गेली. काही वर्षांपूर्वी तिच्या स्कूटरला ट्रकची धडक बसली होती. मॅडमनी नेहमीसारखे पाय सीटखाली घेतले आणि तिला सातारा रोडला नेलं. दोन दिवसांत तिने क्लास सोडला. माझ्यासारख्यांना लोकांनी हिणवून किंवा लाडाने बसवून ठेवलेलं असतं, आम्हाला मॅडमचा डोस बरोबर लागू पडतो. पण जिची भीती खऱ्या आघातातून आली आहे, तिच्याकडून पहिल्याच दिवशी एवढी मोठी अपेक्षा धरली तर तिच्या छातीवर दडपण येतं. मॅडमनी आधी विचारायला हवं होतं. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, सुरुवात मैदानावर करू, रस्ता कधी ते तीच ठरवेल. फी नको." नाव नोंदवण्याच्या फॉर्मवर आता एक नवीन ओळ आली आहे: 'पूर्वी अपघात झाला आहे का?' ती मुलगी अजून परत गेलेली नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा फोनचा कापला.

ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी सव्वासहाची बॅच मागावी. सातनंतर तळजईला फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी चढ भरून जातो आणि हाफ क्लचचा सराव नीट होत नाही. स्वतःची शंभर पानी वही घेऊन जा, पेन तिथे आहे.